वाकडा जिताडा

बाई, बाळकुमला टॉवरच्या बाहेरच्या भिंतीवर आम्ही एक मासा काढलाय. भिंतीच्या अलीकडे गावठाण, पलीकडे सोसायटी. दोन चित्रकार मैत्रिणी, मी, आणि दोन्हीकडची पोरं. पोरांनीच ठरवलं, खाडीतला जिताडा काढायचा, अख्ख्या भिंतीएवढा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच सांगून ठेवलेलं, "रविवारी बघायला येतो. नीट नसेल तर पांढरा मारून टाकू."

माशाचं छोटं चित्र चौकोन पाडून कापलं, एकेकाला एकेक तुकडा दिला. भिंतीवर तो मोठा करायचा. तुमचीच पद्धत. डोंबिवलीच्या शाळेत गॅदरिंगचा पडदा तुम्ही आमच्याकडून असाच करून घेतलेला. मी हाताचा आडोसा करून माझा तुकडा काढतेय आणि तुम्ही येऊन माझा हात बाजूला करताय. "अगं, लपवतेस काय? शेजारणीच्या कागदावर बघ. तुझी रेघ तिथून येते." बाकीच्या तासांना शेजारी बघितलं की ओरडा, तुमच्या चित्रकलेच्या तासाला नाही बघितलं की ओरडा.

बाळकुमला नेमकं हेच सांगायचं राहिलं माझ्याकडून. पोरं तशीही एकमेकांशी बोलत नव्हती. माशाचं पोट गावठाणातल्या एका पोरीकडे, शेपूट टॉवरमधल्या एकीकडे. शनिवारी रस्ता ओलांडून लांबून बघितलं तर मासा मधेच तुटलेला. पोट खाली, शेपूट वीतभर वर. दोघींची जुंपली.

"तू वर काढलंस."

"तूच खाली घसरलीस."

"जिताडा बघितलास तरी का कधी?"

"ताटात बघितलाय."

सगळे हसले, मग त्या दोघीपण. मी म्हटलं, शेपूट पुसू, सरळ रेषेत घेऊ. ऐकतंय कोण. दोघी खडू घेऊन एकाच चौकोनासमोर बसल्या. एकीने रेघ वळवत आणली, ती जिथे सोडली तिथून दुसरीने वर नेली. मासा जुळला, पण वाकडाच.

रविवारी सेक्रेटरी आले. हात मागे बांधून माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत चालत गेले.

"हा वाकडा का?"

गावठाणातली म्हणाली, "काका, जिता हाय तो. मेलेला सरल असतो." टॉवरवालीने मान डोलावली, जशी काय रोज मासळी बाजारातच बसते. काका हसले नाहीत. जाता जाता फक्त म्हणाले, "आतल्या बाजूला पण काढा मग."

"आम्हाला वॉचमन गेटमधून सोडत नाय," गावठाणातली म्हणाली.

"सांगतो त्याला."

उद्यापासून आतली बाजू. यावेळी चौकोन वाटायच्या आधी तुमचं वाक्य सांगणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, शाळेचा पत्ता पाठ आहे पण तिथे तुम्ही नाही. राहील फोनमध्येच. एक मात्र कबूल करते. मी आता लेखिका आहे, लिहिताना वाक्यं मोडते, उलटी करते, लोक मला प्रयोग करणारी म्हणतात आणि मला ते आवडतंही. पण त्या शनिवारी मासा सरळच हवा, असा हट्ट अख्ख्या रस्त्यावर फक्त माझा होता.