खिडकीतली चिंधी

देवपूर, धुळे. गुरुवार, ७ जानेवारी १९८८

आज पुन्हा डोकं जड झालं, मळमळलं. कुशीतल्या छकुलीला हलवलं तरी ती डोळे उघडेना. बाजेखाली कोळशाची शेगडी, दार बंद, खिडकीच्या फटीतसुद्धा सासूबाईंनी चिंधी कोंबलेली. निखाऱ्यांना धूर नाही, म्हणून कुणाला भीती नाही! मी तशीच उठले, चिंधी उपसली, खिडकी सताड उघडली. गार वारा आला आणि पोर रडली. किती बरं वाटलं ते रडणं!

सासूबाई धावत आल्या, "पोरले वारा लागी जाई!"

म्हटलं, "अक्का, वाऱ्यानेच जागी झाली ती. शेगडी आता अंगणात."

त्या गाल फुगवून बसल्यात. बसू देत. बाळंतिणीने एवढं बोलावं का? बोलावं.

चिंधी मी त्याच शेगडीत टाकली.