बिंदोची दाढ

पोज्जोरादो, २० ऑक्टोबर २०१६

चि. नेरीना हिला ओत्तोरीनोकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुझी काकू चुकीचं सांगते, म्हणून लिहितोय. अगं, सापडला! कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, अंजिराच्या मुळाशी, अख्खा सांगाडा. पालथा पुरलेला, उशाशी घंटेचा फुटका लोलक. बिंदोच तो, दुसरा कोण असणार? तुझ्या पीसाच्या विद्यापीठाची माणसं पाच नोव्हेंबरला न्यायला येतील. तोवर हाडांची पेटी माझ्या ताब्यात.

सातशे वर्षं हे गाव आपल्या घराण्याला ‘पेंगुळे’ म्हणतंय. आपला पूर्वज बिंदो घंटेपाशी पहाऱ्यावर झोपला, समुद्रावरून चाचे वर आले, दुसऱ्या सकाळी गावाने त्याला फासावर दिलं. झालं! तेव्हापासून दर मे महिन्यात लोक थाळ्या बडवत आपल्या खिडकीखाली येतात आणि घरातल्या थोरल्याने झोपेची टोपी घालून जांभई द्यायची, माफी मागायची. मला अठ्ठ्याहत्तर सरली. माझ्यामागे घराण्यात तू एकटी. ती टोपी तुझ्या डोक्यावर मला बघवणार नाही. बिंदोला हिवताप असेल आणि दाढेवरून कळेल, असं तू म्हणतेस. असणारच! तू फक्त शिक्का मार.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बायका चॅपलमधल्या पूर्वजांची हाडं व्हिनेगरने धुतील. यंदा बिंदोलाही धुवून घेतो. पीसाला घाणेरड्या तोंडाने कसा पाठवू?

काकूने तुझ्या वाट्याचे चेस्टनट बाजूला ठेवलेत. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा काका


पीसा, २८ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

पाया पडते, पण बिंदोला धुवू नका! ब्रश नको, फडकं नको, काकूला मुका घ्यावासा वाटला तर तोही नको. माणूस मेला की रक्त दाढेच्या आत सुकतं आणि जंतूंच्या खुणा तिथेच राहतात. व्हिनेगर त्या खाऊन टाकतं. चॅपलच्या कपाटातल्या अकरा जणांच्या दाढा मी गेल्या वर्षी आणल्या होत्या ना? अकराही कोऱ्या. दरवर्षी धुवून धुवून चकचकीत केल्यात. आता आशा फक्त बिंदोची आहे.

आणखी एक. काही निघालं नाही, तर तेही जसंच्या तसं लिहीन. वर्गातल्या मुली माझ्याकडे बघून जांभया द्यायच्या, त्यापायी मी गाव सोडलं. मलाही हे हवंच आहे, काका. पण खोटं नको.

काकूला नमस्कार. राग आला तरी माया तेवढीच राहू द्या.

आपली नेरीना


पोज्जोरादो, ३ नोव्हेंबर

चि. नेरीनाला आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं, धुणं काल होतं! पण आधी ऐक. काल मी पेटी घेऊन रांगेत उभा होतो. कपाटाच्या किल्ल्या आर्जाच्या कमरेला, तुला माहीत आहे. तिने घंगाळावर हात आडवा धरला. म्हणाली, हे भिंतीच्या आतल्यांसाठी आहे, फासावर गेलेल्यांसाठी नाही. मी तिला गावासमोर नको नको ते बोललो. तिने मला तोंडभर जांभई दिली. मी पेटी उचलून तसाच घरी आलो.

म्हणजे बिंदोला कुणी हात लावलेला नाही! आता त्या भवानीला मिठी मारावीशी वाटतेय, पण हे तिला कळवू नकोस. इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही, याचंच मला वाईट वाटायचं.

पेटीला कुलूप घातलंय. तूही जेवत जा, आणि आमची आठवण ठेव.

काका


पीसा, २४ एप्रिल २०१७

ती. काकांस सा. न. वि. वि.

निघाला! हिवतापच, तोही सगळ्यांत घातक जातीचा, आणि दाढेत जंतूंची नुसती रेलचेल. मी तीनदा तपासलं. थडग्यातली माती वेगळी तपासली, तिच्यात काही नाही. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला कुणाची दाढ ते न सांगता तुकडा पाठवला, त्यांचंही उत्तर तेच.

तो झोपला होता का, हे दाढ सांगत नाही. पण त्याला दुसऱ्याच सकाळी मारलं, म्हणजे दाढेतलं रक्त त्याच दिवसांचं. पहाऱ्यावर होता तेव्हा तो आजारी होता, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. एवढ्या आजारी माणसाला पहाऱ्यावर कुणी उभं केलं, ते मात्र गावाला विचारा.

अहवाल जोडला आहे. प्रयोगशाळेत एकटीच होते, खूप रडले. आशीर्वाद असू द्या.

आपली नेरीना


पोज्जोरादो, १५ मे

चि. नेरीनाला अनेक अनेक आशीर्वाद.

काल आले सगळे, थाळ्या, पळ्या, भोंगे घेऊन. मी टोपी घातली नाही. काकूने इस्त्रीचा सदरा दिला. खिडकीत उभा राहून तुझा अहवाल वाचला आणि पत्रातला तो शेवटचा प्रश्न दोनदा वाचला. पाववाल्या दीनोने तरीही जांभई दिली, पण कुणी हसलं नाही. मग त्यानेही थाळी खाली ठेवली.

आर्जा गर्दीतून तरातरा निघून गेली. म्हटलं, गेली फणकाऱ्याने. तर बाई परत आली कमरेवर घंगाळ घेऊन, खांद्यावर कोरं फडकं. माझ्या उंबऱ्याशी घंगाळ ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, आता मला त्याला धुवू द्याल का? पोरी, मी खिडकीतच ढसाढसा रडलो. एवढंच म्हणालो की नेरीनाला विचारतो.

पाद्रीबाबांनी भिंतीच्या आत जागा दिलीय. तर सांग, आता धुतला तर चालेल का?

काका


पीसा, १९ मे

ती. काका-काकूंस सा. न. वि. वि.

चालेल. मला हवं होतं ते मिळालं. बिंदोला घेऊन पुढच्या शनिवारी येते. घंगाळ मी धरीन, धुवायचं आर्जामावशींनी. त्यांना एवढं सांगून ठेवा, त्याला हुडहुडी भरली होती. पाणी कोमट घ्या.

आपली,
पेंगुळ्यांची नेरीना