विळा घेऊन आलेला यान आणि मेनिंकचे घर

मी, आलेइडा मेनिंक, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त मुख्याध्यापिका, विंटरस्वाइक गावाबाहेर मेनिंक शेतघराला लागून असलेल्या लहान घरात राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर टेर होर्स्ट यांनी दिला आहे. ज्यांना डॉक्टरांचा भरवसा वाटत नसेल, त्यांनी मी हयात असेपर्यंत येऊन मला एकोणतीसचा पाढा विचारावा. १९५८ साली केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात मेनिंक हे शेतघर मी माझा भाचा एव्हर्ट याला दिले होते. आता तसे करीत नाही, आणि का करीत नाही, हे सांगितल्यावाचून सही करणे मला योग्य वाटत नाही.

कलम एक. माझ्या देहाची व्यवस्था आपल्याकडील रिवाजाप्रमाणे पहिल्या, म्हणजे सर्वांत जवळच्या घरातील शेजाऱ्याने करावी. नातेवाइकांनी रडावे; धुणे, नेसवणे, गावाला कळवणे आणि खांदा देणे ही शेजाऱ्याची कामे आहेत. माझा पहिला शेजारी म्हणजे मेनिंकमध्ये राहणारे माणूस. मला काळा रेशमी पोशाख घालू नये. तो काखेत घट्ट होतो आणि मला फार दूर जायचे आहे.

कलम दोन. माझी पुस्तके, दोन नकाशे आणि पृथ्वीचा गोल शाळेला द्यावा. गोलावर आफ्रिकेच्या जागी पडलेला खळगा माझा नाही, तो १९३४ सालच्या पाचवीचा आहे.

कलम तीन. नववर्षाच्या पातळ वेफरी भाजण्याचा लोखंडी साचा बेर्नार्ड हिल्बेलिंक यांच्या पत्नी योहाना यांना द्यावा. हा साचा त्यांच्या सासूचा होता की माझ्या आईचा, यावरून आम्ही दोघी बावीस हिवाळे एकमेकींशी केवळ हवामानावर बोललो. तो माझ्या आईचाच होता. तरीही त्यांनी घ्यावा, कारण त्यांच्या वेफरी अधिक चांगल्या होतात. हे मी जिवंतपणी कबूल करणार नाही.

कलम चार. बँकेतील शिल्लक मेनिंकच्या गोठ्याचे छप्पर शाकारण्यासाठी वापरावी. उत्तरेकडील बाजू आधी घ्यावी.

कलम पाच. मेनिंक हे शेतघर, गोठा, भाकरीभट्टीची खोली, ओढ्यालगतची कुरणे, राय धान्याची शेते आणि ओकची झाडे मी ड्रिका कोल्स्टे हिला देत आहे. ड्रिका ही आमच्या घरी मोलकरीण असलेल्या स्टीनची मुलगी. ती १९४५ च्या शरद ऋतूत मेनिंकच्या गोठ्याशेजारच्या खोलीत जन्मली. तिचा बाप जर्मन शिपाई होता, एवढेच गावाला ठाऊक आहे. स्टीनने अधिक सांगितले नाही आणि मी विचारले नाही. स्टीन नऊ वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून ड्रिका एकटीने शेत सांभाळते.

दुसऱ्या बाजूला एव्हर्ट आहे. तो माझा थोरला भाऊ डेर्क याचा एकुलता एक मुलगा, आर्नहेममध्ये दंतवैद्य. १९४४ साली डेर्कने गवताच्या गंजीखाली माणसे लपवली म्हणून जर्मन शिपायांनी त्याला आमच्याच अंगणातून नेले, आणि तो परत आला नाही. एव्हर्ट तेव्हा सहा वर्षांचा होता. माझे वडील १९४९ साली वारले. जाण्यापूर्वी त्यांनी माझा हात धरून सांगितले, "आलेइडा, मेनिंकमध्ये मेनिंकच राहिला पाहिजे." मी हो म्हटले.

दिलेला शब्द मोडायचा की पाळायचा, हा या कलमाचा प्रश्न आहे. उत्तर शोधण्यासाठी मला सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागले. वाचकाने कंटाळू नये. मी पायरी पायरीने सांगते.

पाच वर्षांपूर्वी एव्हर्टने आमच्या मूळ शेतकरी पुरुषाचा शोध घ्यायला मला सांगितले. गोठ्याच्या दारावर त्याला एक दगड बसवायचा होता. मी शाळेत शिकवतात तशी चालले. बापाचे आडनाव धरायचे, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्याचा बाप शोधायचा, मग त्याचाही बाप. आडनाव मेनिंक, घर मेनिंक, काही अडचणच आली नाही. १६५० च्या सुमारास मी हार्मेन मेनिंक या गृहस्थांपाशी पोहोचले. चर्चचे पंच, मोठे जमीनधारक, सही ठसठशीत. आम्ही सगळे फार खूश झालो. एव्हर्टने दगड घडवून घेतला, "हार्मेनचे वंशज" अशी अक्षरे कोरवली, आणि पाद्रीसाहेबांनी त्यापुढे छोटेसे भाषणही केले.

पण गणित सोडवून झाल्यावर ताळा करून पाहण्याची माझी सवय जात नाही. ताळा करताना एक माणूस अडला. यान मेनिंक, मृत्यू १७८१. त्याचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये नव्हता, शेजारच्या चर्चमध्येही नव्हता. लग्न मात्र होते: १७४३, मेनिंकची विधवा गेस्केन हिच्याशी. आणि लग्नाच्या नोंदीत तो यान मेनिंक नव्हताच. तो होता यान, सरहद्दीपलीकडच्या, जर्मन मुलखातल्या वेस्टफालियातून आलेला गवतकाप्या.

मी सायकल काढली आणि बेर्नार्ड हिल्बेलिंककडे गेले. मेनिंकचे पहिले शेजारी पिढ्यान्‌पिढ्या तेच. ते बीट उपटत होते.

"बेर्नार्ड, बाहेरचा माणूस लग्न करून शेतघरात आला, तर त्याचं नाव काय पडतं?"

"घराचं. आणखी काय पडणार?"

"म्हणजे त्याचं स्वतःचं नाव जातं?"

"माझा खापरपणजा लेसिंककडचा. इथं आला नि हिल्बेलिंक झाला. बायकोपेक्षा घर मोठं, मास्तरीणबाई." मग ते कंबर सरळ करून हसले. "एवढी पुस्तकं वाचलीस, नि हे तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक होते. आमच्याकडे नाव माणसाचे नसून चुलीचे असते. जो त्या चुलीपाशी राहतो, त्याला गाव त्या नावाने हाक मारते. १८११ साली सरकारने आडनावे कायमची लिहून घेतली, तेव्हापासून आम्ही ते विसरत गेलो. मी शहरी पद्धतीने रक्त शोधत होते आणि हाती लागत होते ते घर. चूक माझी एकटीची नाही. आमच्या भागात वंशावळ काढणारा प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो, आणि वर येऊन दगड कोरवतो.

पुढची पायरी तपासली. गेस्केन स्वतः दुसऱ्या शेतघरातून सून म्हणून आलेली. पहिल्या नवऱ्यापासून झालेली तिची एकुलती मुलगी लहानपणीच हगवणीने गेली. म्हणून आम्ही सारे मेनिंक गेस्केनच्या आणि यानच्या संसारातले. हार्मेन पंचांच्या रक्ताचा एक थेंबही आमच्यात नाही. वडिलांत नव्हता, डेर्कमध्ये नव्हता, एव्हर्टमध्ये नाही.

आता या यानविषयी थोडे लिहिते, कारण मला तो फार आवडू लागला आहे आणि त्याच्याविषयी लिहिणारे दुसरे कोणी नाही. दर उन्हाळ्यात वेस्टफालियातले गडी पायी हॉलंडकडे गवत कापायला जात. यान त्यांच्यातला. त्या वर्षी गेस्केनचा नवरा जूनमध्ये वारला तेव्हा कुरणातले गवत उभे होते. यान वाटेने चालला होता. तो थांबला आणि कुरण कापले. सोबतचे गडी पुढे निघून गेले. लग्नाआधी गेस्केनच्या पोरक्या मुलीसाठी नेमलेल्या पालकांनी रिवाजाप्रमाणे घरातील मालाची यादी केली. एका डोळ्याने आंधळा घोडा, चार गाई, पैकी एक आटलेली, तांब्याची किटली, पिसांची गादी, सूत काढायचा चरखा. खाली वेगळ्या ओळीत यानचा माल: लांब दांड्याचा विळा, विळा ठोकून धार काढायची छोटी ऐरण, दोन सदरे. दुसऱ्याच वर्षी गुरांची साथ आली आणि तीन गाई गेल्या. उरलेल्या आटलेल्या गाईला पुढे कालवड झाली. तो मेला तेव्हा गोठ्यात अकरा गाई होत्या, भट्टीची खोली बांधलेली होती, आणि ओढ्याकाठी ओकची रोपे लावलेली होती, जी आज दोघांच्या मिठीत मावत नाहीत.

या परक्याला, तेही पलीकडच्या कॅथलिक मुलखातल्या, मेनिंक कोणी केले? कागदाने नव्हे. त्या काळचे हिल्बेलिंक मनुक्यांचा लांब पाव आणि जिनचा बुधला घेऊन त्याच्या दारी गेले आणि त्याला शेजारी करून घेतले. हे मला कळले, कारण त्या वेळी दारू फार झाली म्हणून चर्चच्या पंचांनी दोन्ही घरांना समज दिली होती.

हे सारे गेल्या महिन्यात मी एव्हर्टला माझ्या स्वयंपाकघरात सांगितले. ड्रिकाचे नाव काढताच तो उठला होता.

"आत्या, माझ्या बापाला ज्यांनी नेलं, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पोरीला माझ्या बापाचं घर?"

"ती त्यांच्यातली नाही. ती आपल्या गोठ्याशेजारी जन्मली."

"रक्त कुणाचं?"

"रक्ताचंच म्हणतोस ना? मग बस. तुझं कुठलं ते सांगते."

"मी काय चौथीत आहे?"

"चौथीतली मुलं मध्ये बोलत नाहीत."

त्याने ऐकले. शेवटी बराच वेळ टेबलावरच्या कापडाची घडी दाबत बसला. "म्हणजे बाबासुद्धा?"

"डेर्कसुद्धा. मीसुद्धा. सगळे त्या विळेवाल्याचे."

"बाबांना कळलं असतं तर?"

"मोठ्यानं हसला असता. मग दूध काढायला गेला असता."

एव्हर्ट हसला नाही. कॉफी तशीच टाकून तो गाडीकडे गेला. त्याच्यावर माझा राग नाही. सहा वर्षांच्या मुलाने खिडकीतून जे पाहिले, ते वंशावळीने पुसले जात नाही, आणि तशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल.

ड्रिकानेही हे मागितलेले नाही. तिला सांगितले तेव्हा तिने हातातली बादली खाली ठेवली.

"नको बाई. दर चार मेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, एव्हर्ट फुलं घेऊन अंगणात येतो, तेव्हा तो जाईपर्यंत मी गाईंच्या मागं उभी असते. त्याच घराची मालकीण होऊन मी त्याला तोंड कसं दाखवू?"

"ज्या घरात तू राबतेस त्या घराचं नाव गाव तुला कधीच देऊन बसलंय. बाजारात तुला काय हाक मारतात?"

"मेनिंकची ड्रिका," ती म्हणाली. "पाठीमागं दुसरंही म्हणतात."

"पाठीमागचं मी चाळीस वर्षं शाळेत ऐकलंय. त्याला पोटभर शिक्षा करूनही ते थांबलं नाही. तू गाईंचं बघ."

म्हणून मी असे ठरवते. वडिलांना दिलेला शब्द मी पाळत आहे. मेनिंकमध्ये मेनिंकच राहील, यान जसा मेनिंक होता तशी. उद्या ड्रिकाने लग्न केले, तर तिच्या नवऱ्यालाही बेर्नार्ड मेनिंकच म्हणतील, मग तो बिचारा काहीही सांगो. दारावरचा दगड ठेवावा की काढावा, हे तिने ठरवावे.

~~कलम सहा. माझा भाचा एव्हर्ट याला डेर्कचे खिशातले घड्याळ आणि त्याची सायकल द्यावी. तसेच दर चार मे रोजी मेनिंकच्या अंगणात येऊन त्याच्या वडिलांना नेले त्या जागी फुले ठेवण्याचा त्याचा हक्क कायम राहावा. घराच्या मालकाने त्यास अडवू नये.~~ (रेघ मारून रद्द. कारण पुढे लिहिले आहे.)

पुस्ती. साक्षीदार म्हणून डॉक्टर टेर होर्स्ट आणि नोटरींचे कारकून यांना मी आज बोलावले होते. वरील मजकूर लिहून झाला आणि दारात एव्हर्टची गाडी उभी राहिली. तो आत आला, टोपी न काढता खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "वाच."

मी सगळे वाचले. डॉक्टर खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

"साक्षीला कोण?" एव्हर्टने विचारले.

"डॉक्टर आणि हे कारकून."

"कारकून कशाला? मी आहे की."

"ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. कलम सहात तुला..."

"मग सहावं खोड."

मी त्याला समजावून सांगितले की त्यात घड्याळ आहे, सायकल आहे, आणि अंगणात येण्याचा त्याचा हक्कही आहे. खोडले तर त्याला कोणीही फाटकातून परत पाठवू शकेल.

"घड्याळ आत्ताच दे, मी खिशात घालतो. सायकल गाडीच्या टपावर बांधू. आणि अंगणाचं..." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिथं कुणी राहत असेल तर दार वाजवून विचारीन. घरमालकाला विचारायची रीत असते ना, आत्या?"

मी पट्टी घेतली आणि कलम सहावर सरळ रेघ मारली. ती कुठे वाकली असेल तर दाखवावी. नोटरींच्या कारकुनांनी साक्षीदाराची जागा सोडली आणि तिच्या बदल्यात कॉफी व मनुक्यांचा पाव स्वीकारला.

हे मृत्युपत्र नोटरींच्या ताब्यात ठेवण्यासाठी देत आहे.

विंटरस्वाइक, १४ ऑक्टोबर १९७१

आलेइडा मेनिंक

मृत्युपत्र करणारी बाई शुद्धीवर असून तिने आमच्यासमक्ष सही केली, आणि या लेखातून आम्हां दोघांपैकी कोणालाही काही मिळत नाही, याबद्दल साक्ष:

वेसल टेर होर्स्ट, डॉक्टर, विंटरस्वाइक

एव्हर्ट मेनिंक, दंतवैद्य, आर्नहेम, डेर्कचा मुलगा