पाठवणाऱ्याचा हात सदोष असल्याची तक्रार परत घेणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
विभागीय तार परीक्षा, अकोला

अर्जदार : देवीदास नत्थुजी तायडे, टपाल कारकून, मु. पो. पिंपळगव्हाण, ता. दर्यापूर, जि. अमरावती

विषय : परीक्षेत तार पाठविणारे श्री. अब्दुल गफ्फार यांच्याविरुद्धची तक्रार परत घेणेबाबत, तसेच चौथी संधी मिळणेबाबत.

संदर्भ : माझाच तक्रार अर्ज, दि. १४ सप्टेंबर १९५९.

महोदय,

१. तारमास्तर होण्यासाठीच्या परीक्षेस मी दि. १२ सप्टेंबर रोजी तिसऱ्यांदा बसलो. यंत्राचा कडकट्ट आवाज ऐकून मिनिटाला वीस शब्द लिहून घ्यावयाचे होते. श्री. अब्दुल गफ्फार शेजारच्या खोलीतून तार पाठवीत होते. मला एकूण चार शब्द टिपता आले, त्यांतला एक चुकीचा. तेव्हा मी एकोणीस उमेदवारांसमोर उभा राहून, पाठवणाऱ्याचा हात सदोष आहे, असे मोठ्याने म्हणालो. दोन दिवसांनी तेच लेखी दिले. त्यावरून त्यांची चौकशी लागली असल्याचे समजते.

२. माझ्या तयारीविषयी लिहिणे भाग आहे. पहिल्या वेळेस मी वेळापत्रक तयार केले. ते तीन रंगांच्या शाईत होते व त्यास सतरा दिवस लागले. पहाटे चार ते सहा सराव, असे त्यात होते. मी पहाटे चारला उठून वेळापत्रकाकडे पाही व पुन्हा निजे. सोमवारपासून सुरू करू, असे ठरवी, आणि सोमवारी बाजार असे. दुसऱ्या वेळेस वेळापत्रक साधे केले, परंतु उत्साह टिकला नाही. आमच्या वस्तीतून तारेच्या परीक्षेस बसणारा मी पहिलाच असल्याने सगळे वाटेत थांबवून चौकशी करीत. त्यांना उत्तर देण्यातच माझी बरीचशी तयारी खर्च झाली.

३. तिसऱ्या वेळेस माझी पत्नी सौ. शालू हिने ते काम हाती घेतले. ती चौथी शिकलेली आहे. इंग्रजी अक्षरे व त्यांच्या खुणा तिने माझ्याच पुस्तकातून पाठ केल्या. अर्थ न समजता ती अक्षरामागून अक्षर सरावाच्या जुन्या तारयंत्राच्या चावीवर वाजवी आणि मी लिहून घेई. रोज सकाळी दीड तास, अकरा महिने, एकही दिवस खाडा नाही. घड्याळ तिच्याकडे असे. श्रावण महिन्यात तिने मला मिनिटाला बावीस शब्द होत असल्याचे सांगितले. मी ते वस्तीत सांगितले.

४. तक्रार दिल्यानंतर माझे म्हणणे सिद्ध व्हावे म्हणून मी दर्यापूरचे तारमास्तर श्री. गोवर्धन यांजकडे गेलो व त्यांना तार वाजवावयास सांगितले. मला त्यांचेही काही समजले नाही. मी त्यांचाही हात सदोष ठरविला. त्यांनी मला पाणी दिले व घरी जाण्यास सांगितले. घरी हे सांगितल्यावर शालूने परात बाजूला ठेवली. तिचे शब्द असे : "तुमी लय खचून राहिले होते. तुमचं चुकलं का मी हात सैल सोडत होती. घड्याळबी मीच मागं धरत होती. मले वाटलं, उमेद आली का होईन बराबर." नंतर तिने खऱ्या घड्याळावर वाजवून पाहिले. माझे नऊ शब्द झाले. शिवाय प्रत्येक शब्दानंतर पुढचा शब्द पुस्तकात पाहण्यासाठी ती जेवढी थांबे, तेवढ्या थांब्यावरच माझा कान बसलेला होता. म्हणजे अकरा महिन्यांत मी तारेची भाषा शिकलो नाही. मी फक्त माझी बायको वाचावयास शिकलो.

५. तिच्यावर मी रागावलो नाही. रागावण्याइतके तोंड मला राहिलेले नाही. करिता विनंती, की मला चौथी संधी मिळावी. तारीख लांबची मिळाल्यास बरे. तसेच नियमात बसत असल्यास त्या दिवशी तार पाठविण्यास सौ. शालू हिला बसू द्यावे. ती स्वखर्चाने येईल व डोक्यावर पदर घेऊन पडद्याआड बसेल. ते न जमल्यास श्री. गफ्फार यांनी प्रत्येक शब्दानंतर, भाकरी उलटण्यास लागतो, तेवढा वेळ थांबावे.

६. वरील परिच्छेद मी पुन्हा वाचून पाहिला. तो, व विषयातील चौथ्या संधीचा उल्लेखही, रद्द समजावा. नवा कागद घेतला असता, परंतु मी काय काय मागू शकतो, तेही आपणांस ठाऊक असलेले बरे.

७. पाठवणारा सदोष ठरल्यास परीक्षा रद्द होते व माझी संधी शाबूत राहते, हे मला तक्रार लिहिताना माहीत होते. श्री. गफ्फार यांची एकतीस वर्षांची नोकरी या महिनाअखेर संपते, हे माहीत नव्हते. चौकशी मिटेपर्यंत कार्यालयाने त्यांना चावीला हात लावू दिलेला नाही व ते रोज येऊन नुसते खुर्चीवर बसतात, असे कळले. त्यांचा हात निर्दोष होता. दोष माझ्या कानात व त्याहून अधिक माझ्या तोंडात होता. माझी तिसरी व शेवटची संधी संपली, असे नोंदवावे. मी कारकून राहीन.

८. आरोप उभ्याने केला होता, म्हणून माफीही त्याच एकोणीस जणांसमोर उभ्याने मागण्यास मी तयार आहे. ते जमण्यास उशीर लागेल, म्हणून एवढेच मागतो, की महिनाअखेरीपूर्वी त्यांना एक दिवस तरी चावीवर बसवावे. मला या अर्जाचे उत्तर आले नाही तरी चालेल.

आपला शरमिंदा,
देवीदास नत्थुजी तायडे
दि. ९ ऑक्टोबर १९५९

सोबत : खऱ्या घड्याळावर घेतलेल्या नऊ शब्दांचा कागद. खाली वेळ पाहिल्याबद्दल सौ. शालू हिची सही.