पुड्यांना ‘मिंट’ न म्हणणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधन नीतिमत्ता समिती,
लेकफील्ड रुग्णालय, मिल्वॉकी.

विषय : मेन्थॉल सिगारेटच्या पर्यायांच्या अभ्यासातील माझ्या आईचे नाव न वगळता घरातील बालकाच्या सुरक्षिततेची व्यवस्था होणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ३० सप्टेंबर २०२४ चे पत्र.

महोदय,

माझी आई, श्रीमती अर्नेस्टीन पेटवे, वय ६१, एकेचाळीस वर्षे घशाला गारवा देणारी मेन्थॉल सिगारेट ओढते. मार्चमध्ये तिच्या हृदयात स्टेंट घातला. आपल्या अभ्यासाची एकोणीस पानी माहिती मीच तिला वाचून दाखवली आणि मीच सही करायला लावली. त्यामुळे पुढे जे घडले त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच लिहिते.

१. ओठाखाली ठेवायच्या, पुदिन्याच्या गारव्याच्या निकोटिन पुड्या आईला मानवल्या. रोजच्या अठरा सिगारेटींवरून ती तीनवर आली. मात्र आपल्या केंद्रातील परिचारिका त्या पुड्यांना ‘मिंट’ म्हणतात. “सकाळी दोन मिंट, जेवणानंतर एक मिंट,” असे त्यांनी आईला समजावले. आई आमच्या चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवते आणि मुलांनी चुळबुळ केली की पर्समधून पेपरमिंट काढून देते. आमच्याकडे मिंट म्हणजे तेच. तिने पुड्या पर्समधल्या पेपरमिंटच्या डबीत ओतल्या.

२. दि. २२ सप्टेंबर, रविवार. प्रवचन चालू असताना माझी दोन वर्षांची मुलगी नाया हिने आजीच्या पर्समध्ये नेहमीप्रमाणे हात घातला. मी दोन रांगा मागे होते. तिची लाळ गळू लागली, ओठ पांढरे पडले, मग उलट्या. तिच्या तोंडातून पुडी मी बोटाने काढली. संध्याकाळपर्यंत तिला तातडीच्या विभागात ठेवले होते. आई एवढेच म्हणत राहिली, “नर्सबाईंनी मिंट सांगितलं, मी मिंटच्या जागी ठेवलं. तू कॉलेजात गेलीस ना, मग तुला कसं नाही दिसलं गं?”

३. आपण कळवता की सहभागी व्यक्तीस इजा झाली नसल्याने घटना नोंदवता येत नाही. नाया सहभागी नाही आणि तिला अभ्यासाचा क्रमांक नाही, हे खरे आहे. पण पुडीने तो विचारला नाही.

४. आपल्या सूचनेनुसार आईने आठवडाभर बिनचवीच्या पुड्या वापरल्या. तिचे मत जसेच्या तसे : “ओला पुठ्ठा चघळतेय मी. घशाला गारवा लागला नाही तर कशाला घ्यायचं?” सातव्या दिवशी ती बारा सिगारेटींवर होती. मेन्थॉलची सवय लागलेल्या माणसाला गारवाच हवा असतो, हे आपल्याच पत्रकात छापले आहे.

५. गारव्याच्या पुड्या पुन्हा मिळाल्या. त्या मी कपाटात कुलूपबंद केल्या. तर अभ्यासासाठी आईला दिलेला फोन, ज्यात उत्तरे मीच भरते, दिवसातून एकदा विचारतो, ‘उत्पादन हाताशी आहे का?’ तीनदा ‘नाही’ आले की नाव कमी होते. आजवर दोनदा आले आहे. म्हणजे कुलूप लावले तर आई जाते आणि काढले तर लेक. यांतून मी कोणाला निवडावे, हे समितीने लेखी कळवावे.

६. आज दुपारी आई म्हणाली, “राहू दे तुझं ते कुलूप. मुलीच्या जिवाशी खेळण्यापेक्षा माझी सिगारेट बरी, ती निदान लहान पोरं खात नाहीत.” मी हसले नाही. ती बाहेर पायऱ्यांवर जाऊन ओढत बसली. नाया काचेवर हात आपटून तिला बोलावत होती. मी आईला अडवायला उठले नाही, महोदय. त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. हे लिहायला लाज वाटते, पण तसे पुन्हा वाटू नये यासाठीच हा अर्ज आहे.

तरी विनंती की, (अ) मुलांना उघडता न येणारी डबी द्यावी व कुलूपबंद ठेवणे ‘हाताशी’ धरावे. (ब) केंद्रातील कोणीही या पुड्यांना मिंट म्हणू नये. (क) नायाची घटना क्रमांकाविना नोंदवावी. (ड) आईचे नाव कमी करू नये.

फोनला तिसरे उत्तर आज सायंकाळी पाचच्या आत द्यायचे आहे. आई अजून पायऱ्यांवरच आहे. मी ‘होय’ असे खोटे उत्तर देणार आहे, आणि ते खोटे असल्याचे आपणास याद्वारे कळवत आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
डॅनिका पेटवे-होलोवे
दि. ९ ऑक्टोबर २०२४

सोबत : तातडीच्या विभागाचा अहवाल, आईच्या सिगारेटींची रोजची नोंद.