पडद्यावरचा आवाज

नाशिक,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. छायाताई,

नमस्कार. दाजींनाही सांग, आणि भाचीला, वेदिकाला, आशीर्वाद. मनमाडला थंडी पडली असेल. इथं सकाळी शेवंती तोडताना बोटं वळत नाहीत म्हणून वाल्मीकदादा कुरकुरतो. आईची साखर आटोक्यात आहे. डोळ्यांना मात्र उजेड-अंधार कळतो, तेवढंच.

फोनवर तू दोनदा विचारलंस, आईला सिनेमा कसा वाटला. मी "छान" म्हणालो आणि फोन दादाकडे दिला. रोजनिशीतही त्या दिवशी फक्त "सिनेमा पाहिला" एवढंच लिहिलंय.

रविवारी मी आणि दादा आईला घेऊन गंगापूर रोडच्या थिएटरात गेलो. आईनं पोस्टरला घालायला शेवंतीचा हार आणला होता. पोस्टरवर नायक, नायिका आणि शर्यतीची लाल गाडी. मी नाहीच. दादानं हार गाडीपाशी टेकवला आणि आईला सांगितलं, "घातला गं शेखरला."

'वेगात तू'मध्ये मी नायिकेचा बाप आहे, अंबडचा गॅरेजवाला. इतकी वर्षं मालिकांत हवालदार आणि कारकून केल्यावर मिळालेलं पहिलं मोठं काम. नायक शर्यतीसाठी गाडी मागायला येतो, तेव्हा मी म्हणतो, "गाडीची चावी मी देईन. पोरीचं तिला विचार." थिएटरात त्याला शिट्ट्या पडतात.

ताई, तो आवाज माझा नाही.

शूटिंग झाल्यावर निर्माते म्हणाले, तुमचा आवाज पातळ आहे, गॅरेजवाल्याला शोभत नाही, दुसऱ्याकडून डबिंग करून घेतो. मी लगेच हो म्हणालो. भांडलो असतो तर कामच गेलं असतं, असं मी स्वतःला समजावतो. पण खरं म्हणजे भांडायचं माझ्या मनातही आलं नाही. आईला फक्त ऐकू येतं, हेही तेव्हा आठवलं नाही.

तू शेजारणींना दाखवलेली पेपरातली मुलाखत आठव. एवढा भारदस्त आवाज कसा कमावला, असं पेपरवाल्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं, ताई. रोज पहाटे रियाज करतो म्हणालो.

सिनेमा सुरू झाला. आई सारखी विचारत होती, "तू कधी येणार रे?" मी पडद्यावर येऊन बोलतही होतो. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. पुढच्या प्रसंगापासून मी तिच्या कानाशी वाकून माझी वाक्यं हळूच म्हणायला लागलो. तिनं माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, जमलं.

घरी आल्यावर दादा गोठ्याकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "पिच्चर लय भारी व्हता. पण तू त्या माणसाच्या आधी बोलत व्हता. जरा थांबून बोलायचं, त्याच्या बरुबर."

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"चांगला बोलतो तो," ती म्हणाली. "कोण हाये?"

मला त्याचं नावही माहीत नाही, ताई. आईनं विचारेपर्यंत ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

येत्या शनिवारी गावात माझा सत्कार आहे. मल्हारी सरपंचानं माईक सांगितलाय आणि सगळ्यांना तो चावीचा संवाद हवाय. घसा बसलाय म्हणून टाळावं, असं मी ठरवत होतो. आई म्हणाली, "तिथं त्याला नको आणू. तूच बोल. मला ऐकायचंय."

तेव्हा मी बोलणार आहे. आधी मुलाखतीचं खरं काय ते सांगेन, मग संवाद म्हणेन. लोक हसतील. मल्हारी तर नक्की हसेल. तू आईजवळ बसायला ये. दाजींना यायचं नसेल तर आग्रह करू नकोस. त्यांनी ती मुलाखत ऑफिसात लावलीय, हे मला माहीत आहे. ती तेवढी काढायला सांग.

तुझा, पातळ आवाजाचा,
शेखर