गाढवं आठ

मंगळवार, ७ जानेवारी

पेंग्विन! पुंडलिकनगरात पेंग्विन! राजेंद्रनं संस्कृतीसाठी आकडे मोजायचं पुस्तक आणलं. एकच्या पानावर पेंग्विन, दोनच्या पानावर कांगारू. पोरगी अडीच वर्षांची. पेंग्विनवर बोट ठेवून "कावला" म्हणाली आणि पुस्तकाचा कोपरा चावून टाकला.

आता मीच करणार. आपले प्राणी, आपलं यमक.

हत्ती एक, मागतो केक.
माकडं दोन, पळवला फोन.

पुढं तिनाला उंदीर येणार. आबा पलंगावरून बघत होते. आबा म्हणजे सासरे. दिवाळीनंतर लकवा झाला. हातपाय सावरले, वाचा गेली ती गेलीच. समजतं सगळं, शब्द येत नाय. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस!

गुरुवार, ९ जानेवारी

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "आजोबांकडून आकडे, गाणी, बडबडगीतं म्हणून घ्या. साधं बोलणं अडलं तरी चालीवर शब्द निसटतो कधीकधी." म्हटलं, घरात कारखानाच काढलाय!

पण म्हणून घेणार कोण? राजेंद्र चितेगावला कंपनीत, अंधार पडल्यावर येतो. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "मी नाय बाई. मला बघून तर ते डोळेच मिटतात."

राहिले मी. आणि माझ्याशी तर आबा लकव्याच्या आधीपासूनच बोलत नाहीत! मी बौद्धाघरची, लग्न कोर्टात केलेलं. तेव्हापासून सगळं आईंमार्फत. मी समोर उभी, तरी— "तिला सांग, चहात साखर लई झाली." माझं नाव नाय, नातं नाय. नुसतं "तिला".

शनिवार, ११ जानेवारी

मास्तरकी संस्कृतीनं घेतली. आबांच्या पोटावर बसते, माझ्या वहीची पानं उलटी धरते. "आबा, बोल! म्हशी चाल, पानी गाल!" आबा ओठ हलवतात. नाय आलं की गालावर चापट! आवरायला गेले तर आबांनीच हातानं मला थांबवलं.

यमकासाठी सहाला चहा पाहिजे. दहालाही चहाच पाहिजे! सहाच्या मांजरांना पाजला. दहाचे ससे उपाशी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईंनी आबांच्या हातावर तीळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणाल्या आणि जीभ चावली. आबा हसले! लकव्यानंतर पहिल्यांदा.

शुक्रवार, १७ जानेवारी

काय दिवस!

आठाच्या पानावर अडले होते. आज क्रांती चौकात खरीखुरी गाढवं! सिग्नल सुटला तरी हलेनात. रिक्षावाला ओरडतोय, "अरे चाचा, हटाव ना इनको!" घरी आले, चपला काढायच्या आधी लिहिलं—

गाढवं आठ, अडवली वाट!

आबांना वाचून दाखवलं. आबांचा चेहरा लाल. पुन्हा वाचलं. मान झटकली, आणि—

"पाठ!"

शब्द! आबांचा शब्द! आई देवघरातून धावत आल्या. "पाठ दुखती व्हय?" दोघींनी मिळून पालथं केलं, सदरा वर केला, बाम चोळला. आबा आणखीच ओरडतायत— "पाठ! पाठ!" आई म्हणतायत, "जरा खाली का?" मी गरम पाण्याची पिशवी आणली. मधेच राजेंद्रला फोन. "आबा बोलले!" "काय बोलले?" "पाठ दुखती म्हणाले!" तो तिकडं हुंदके द्यायला लागला. मागं मशीन धडधडत होती.

शेवटी आबांनीच पिशवी भिरकावली, माझा हात धरून कागद ओढला आणि 'वाट'वर बोट आपटलं. दोनदा.

आठ. वाट. ठ आणि ट!

पाठ दुखत नव्हती. यमक चुकलं होतं!

गाढवं आठ, फिरवली पाठ.

वाचलं. आबांनी डोळे मिटून मान डोलावली. अख्ख्या घराला बामाचा वास!

रविवार, १९ जानेवारी

आता रोज तपासणी. बदकं सात, खाती भात— पास. मुंग्या नऊ, गादी मऊ— पास, पण नाखुशीनं. उंदीर आबांनी स्वतः म्हटला! "उंदीर... तीन... टोच... टोचली पिन." पोरीनं टाळ्या वाजवल्या. दहाला "ससे दहा, लपले पहा" केलं.

केकवर मात्र रोज तोंड वाकडं करतात. नाय बदलणार! हत्ती माझा, केक माझा.

शुक्रवार, २४ जानेवारी

मॅडम बघायला आल्या. पेला, कंगवा, घड्याळ... आबांनी अडखळत सांगितलं. मग माझ्याकडं बोट. "आजोबा, ही कोण?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, "ती" म्हणतील.

"बाई."

मॅडम हसल्या. "ते दिसतंय आजोबा! नाव सांगा, नातं सांगा."

आबांच्या कपाळाला आठ्या. "बाई!"

"हे नाही जमलं अजून," मॅडम मला हळूच म्हणाल्या.

"जमलंय की मॅडम," आई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांच्या शाळेत शिकवणारीला बाईच म्हणायचे."